रेझ्युमेतले अकरा महिने

आमच्या भागात ‘बायोडेटा’ म्हटले की आधी लग्नाचाच डोळ्यांसमोर येतो. वर गणपतीचे चित्र, खाली नाव, रास, नाडी, उंची, देवक, मामाचे गाव आणि शेवटी ‘घरची शेती, स्वतःचे घर’. बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीच्या पर्सोनेल खात्यात मी सव्वीस वर्षे काढली. तिथे नोकरीसाठी येणाऱ्या अर्जांतही हाच थाट पुष्कळदा दिसे. वडिलांचा व्यवसाय, भावंडे किती, धर्म, जात, ‘अविवाहित’, छंद क्रिकेट आणि वाचन. पोराला लेथ चालवता येते की नाही, हे मात्र दुसऱ्या पानाच्या तळाशी शोधावे लागे.

पण मुलांना हसण्याचा अधिकार मला नाही. इतके अर्ज वाचून शहाणा झालेल्या मीच माझ्या भाच्याला रेझ्युमेबाबत चुकीचा सल्ला दिला आणि त्याची किंमत त्याने मोजली. म्हणून आधी तीच गोष्ट सांगतो.

माझी चूक

भाचा निपाणीचा. मेकॅनिकलचा डिप्लोमा झाल्यावर बेळगावात एका लहान मशीन शॉपमध्ये सीएनसीवर ट्रेनी म्हणून लागला. सात महिने झाले आणि त्याच्या वडिलांची हृदयाची शस्त्रक्रिया निघाली. घरचे दुकान शेतीपंपांचे आणि पाइप-फिटिंगचे. ते बंद ठेवून चालणार नव्हते. नोकरी सोडून पोरगा निपाणीला गेला आणि पुढचे अकरा महिने त्याने दुकान सांभाळले. वडील हिंडूफिरू लागल्यावर तो पुन्हा नोकरी शोधू लागला आणि रेझ्युमे घेऊन माझ्याकडे आला.

मी म्हणालो, ‘दुकानात बसलो होतो असं लिहिलंस तर कोण विचारणार तुला? सात महिन्यांचे अठरा कर. फोन आलाच तर मालक ओळखीचे आहेत, सांभाळून घेतील.’

पुण्यातल्या एका कंपनीने त्याला घेतले. पत्र आले, घरात पेढे वाटले, खोलीही बघून झाली. रुजू होण्याआधी कागदपत्रांच्या पडताळणीत त्यांनी पीएफचा यूएएन क्रमांक मागितला. २०१४ पासून प्रत्येक सभासदाला हा एकच क्रमांक मिळतो. नोकऱ्या बदलल्या तरी तो तोच राहतो, आणि कुठे कधी लागलात व कधी सोडलेत त्याच्या तारखा त्याखाली नोंदलेल्या असतात. तिथे सात महिनेच होते. कंपनीने दोन ओळींची ईमेल पाठवून पत्र मागे घेतले. त्यांचे काही चुकले नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केले असते.

पोरगा माझ्यावर चिडला नाही. आठ दिवसांनी घरी आला, चहा प्याला आणि म्हणाला, ‘मामा, दुकानातलं खरं लिहिलं असतं तर चाललं नसतं काय?’

माझ्याकडे उत्तर नव्हते. मग आम्ही दोघे कागद घेऊन बसलो.

वाचणाऱ्याला काय हवे असते?

रेझ्युमे म्हणजे आपली जीवनकथा नव्हे. ‘माझे हे काम या माणसाला जमेल का?’ असा समोरच्याचा प्रश्न असतो, आणि त्याचे उत्तर एका पानात द्यायचे असते. टेबलावर शंभर अर्ज पडलेले असताना प्रत्येकाला अर्धा मिनिट मिळाले तरी खूप. त्या अर्ध्या मिनिटात नजर पानाच्या वरच्या तिसऱ्या भागावरच फिरते. तिथे देवक आणि छंद लिहिले असतील तर आपण आपली जागा फुकट घालवली.

ही युक्ती जुनी आहे. लिओनार्दो दा विंचीने सुमारे १४८२ साली, तिशीत असताना, मिलानचा सत्ताधीश लुडोविको स्फोर्झा याच्यासाठी नोकरी मागणाऱ्या पत्राचा मसुदा तयार केला. तो आजही उपलब्ध आहे. पत्र लिहिणारा चित्रकार. पण सुरुवात आहे हलक्या, उचलून नेता येणाऱ्या पुलांपासून. मग वेढा घालण्याची साधने, तोफा, झाकलेले रथ. शांततेच्या काळात आपण इमारती आणि पुतळेही करू शकतो आणि चित्रेही काढू शकतो, हे त्याने अगदी शेवटी सांगितले. मिलानच्या सत्ताधीशाला लढाईची चिंता होती, म्हणून लढाईला उपयोगी ते वर आणि बाकीचे खाली. बलस्थान पुढे करणे म्हणजे मोठ्याने बोलणे नव्हे. आपल्याकडचे नेमके काय समोरच्याच्या उपयोगाचे आहे ते ओळखून आधी ठेवणे.

अकरा महिन्यांचा हिशेब

भाच्याला मी विचारले, ‘त्या अकरा महिन्यांत तू काय केलंस?’

‘काय नाही मामा, दुकान बघत होतो.’

आपली मुले इथेच अडतात. घरचे काम हे काम वाटतच नाही. मग मी एकेक प्रश्न विचारत गेलो. सकाळी शटर कोण उघडायचे? बिघडलेला पंप आला तर कोण खोलायचे? माल संपत आला हे कसे कळायचे? उधारीची वही कोणाकडे? सीमेपलीकडचा आणि अलीकडचा गिऱ्हाईक आला तर बोलायचे कोणत्या भाषेत? तासाभरात कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या.

त्याच्या जुन्या मसुद्यात एकच ओळ होती : ‘घरगुती कारणामुळे गॅप.’ माझ्या सल्ल्यानंतर तीही गेली होती. आता तिथे असे आले :

‘कुटुंबाच्या शेतीपंप व पाइप-फिटिंग दुकानाचा पूर्ण कारभार, ११ महिने (वडिलांच्या शस्त्रक्रियेमुळे). सबमर्सिबल व मोनोब्लॉक पंप खोलून तपासणे. सील, बेअरिंग व इम्पेलर बदलणे. सुमारे ४०० सुट्या भागांचा साठा वहीतून एक्सेलमध्ये आणला. मराठी व कन्नड बोलणाऱ्या शेतकऱ्यांशी रोजचा व्यवहार.’

यात एकही शब्द खोटा नाही. ‘मेहनती’, ‘प्रामाणिक’, ‘टीम प्लेअर’ असली विशेषणेही नाहीत. काय केले, किती केले आणि कशावर केले, एवढेच आहे. रेझ्युमेतली प्रत्येक ओळ या तीन प्रश्नांवर घासून बघा. ‘मशीनचे ज्ञान आहे’ या ओळीने काहीच कळत नाही. ‘टर्निंग सेंटरवर जॉब सेटिंग, मायक्रोमीटरने तपासणी, एका पाळीत दोन मशीन’ यावरून फोरमनला सगळे कळते.

गंमत म्हणजे ज्या अकरा महिन्यांची मला लाज वाटली होती, त्यांच्यामुळेच त्याला काम मिळाले. पंपांच्या एका कंपनीला कोल्हापूर ते बेळगाव पट्ट्यासाठी सर्व्हिसचा माणूस हवा होता. पंप खोलता येतो, शेतकऱ्याशी बोलता येते आणि भाषा दोन्ही येतात, असा. पगार पुण्यापेक्षा कमी होता, हेही सांगायला हवे. ती तफावत माझ्या सल्ल्याची.

बिडीचा हिशेब म्हणजे पेरोल

दुसरे उदाहरण बहिणीच्या शेजारच्या मुलीचे. बी.कॉम. झालेली. आई बिड्या वळते. निपाणीच्या तंबाखूवर आणि बिडीवर किती घरे उभी राहिली हे आपल्याला सांगायला नको. मुलीने रेझ्युमेत अनुभवाच्या रकान्यात एकच शब्द लिहिला होता : ‘नाही’.

बोलता बोलता कळले की गल्लीतल्या पंधराएक बायकांचा हिशेब हीच ठेवते. बिडीची मजुरी हजारामागे मिळते. किती वळल्या, नापास म्हणून किती बाजूला काढल्या, हातात किती आले, पीएफ किती कापला, हे सगळे ती वहीत मांडायची. एखादीचा पीएफ अडकला तर फॉर्म भरून द्यायची. कॉलेजची तिन्ही वर्षे हे चालू होते.

मी म्हणालो, ‘अगं, कारखान्यात याला पेरोल म्हणतात.’

तिच्या रेझ्युमेत ओळ आली : ‘नगावर मजुरी घेणाऱ्या १५ महिला कामगारांच्या मजुरीच्या व पीएफ कपातीच्या नोंदी, ३ वर्षे, पीएफ दाव्यांचे अर्ज भरण्यास मदत.’ खाली टॅली आणि एक्सेल. हा रेझ्युमे तिने कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांकडे पाठवला. पहिल्या दोन ठिकाणी काही झाले नाही. तिसऱ्या ठिकाणी मुलाखतीत बहुतेक प्रश्न त्या वहीवरच निघाले आणि ती न अडखळता बोलली. दुसऱ्याचा रेझ्युमे उतरवून काढलेली मुले अडखळतात. स्वतःच्या वहीवर कोणी अडखळत नाही.

सीमेवरच्या मुलांसाठी चार गोष्टी

आपल्या मुलांच्या कागदपत्रांत काही गोष्टी अशा असतात की दुसऱ्या राज्यातल्या माणसाला त्या समजतच नाहीत. त्यामुळे चांगले गुणही फिके दिसतात.

पहिली गोष्ट गुणांची. कर्नाटकात दहावीची एसएसएलसी परीक्षा ६२५ गुणांची असते, कारण प्रथम भाषेचा पेपर १२५ गुणांचा आणि बाकीचे शंभराचे. नुसते ‘५४०’ लिहिले तर वाचणाऱ्याला अंदाज येत नाही. ‘६२५ पैकी ५४०, ८६.४ टक्के’ असे लिहा. तसेच ‘पीयूसी’ म्हणजे काय हे पुण्या-मुंबईच्या प्रत्येकाला ठाऊक असेलच असे नाही. पुढे ‘बारावी’ लिहिले की प्रश्न मिटतो.

दुसरी गोष्ट पत्त्याची आणि पदवीची. निपाणीला लागून असलेल्या अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात येते आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहे. त्यामुळे राहणे कर्नाटकात आणि पदवी महाराष्ट्राची, अशी शेकडो मुले आहेत. वाचणाऱ्याला यात घोळ वाटू नये म्हणून पदवीसमोर महाविद्यालय, विद्यापीठ आणि वर्ष पूर्ण लिहा. ‘बेळगाव’ १ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृतपणे ‘बेळगावी’ झाले. जुन्या दाखल्यावर एक आणि नव्या आधारवर दुसरे नाव असणे साहजिक आहे. रेझ्युमेत सध्याचे एकच ठेवा.

तिसरी गोष्ट नावाची. दहावीच्या मार्क्स कार्डावर नुसती आद्याक्षरे, कॉलेजच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर वडिलांचे नाव मध्ये आणि स्पेलिंग तीन तऱ्हांची, हे मी असंख्य वेळा पाहिले आहे. पडताळणीत यावरून आठवडे जातात. एक रूप ठरवा, शक्यतो दहावीच्या मार्क्स कार्डावरचे, आणि सगळीकडे तेच लिहा. तफावत असेल तर नोकरी लागायच्या आधीच दुरुस्त करून घ्या.

चौथी गोष्ट भाषांची, आणि हे तर आपले खरे भांडवल. बाजारात मराठी, बसमध्ये कन्नड, टीव्हीवर हिंदी आणि पुस्तकात इंग्रजी, असे आपल्या मुलांचे बालपण. तरी रेझ्युमेत ‘भाषा’ हा रकाना शेवटी आणि एका ओळीत. कोल्हापूर, बेळगाव, हुबळी अशा पट्ट्यात फिरायचे काम असेल, दवाखान्याचे, बँकेचे किंवा विक्रीचे काम असेल, तर हा रकाना वर आणा. मात्र ‘बोलता येते’, ‘वाचता येते’, ‘लिहिता येते’ हे वेगवेगळे सांगा. कन्नड नुसते बोलता येत असेल तर तेवढेच लिहा. समोरचा साहेब धारवाडचा निघाला आणि त्याने अर्ज वाचायला दिला, तर पंचाईत.

सरकारी नोकरीत रेझ्युमेपेक्षा अर्ज आणि दाखले चालतात. महाराष्ट्र शासनाच्या पुष्कळ जाहिरातींत, सीमाभागातल्या ८६५ गावांत पंधरा वर्षे वास्तव्य असलेल्या मराठी भाषक उमेदवारांसाठी तरतूद असते. जाहिरात मुळापासून वाचा आणि वास्तव्याचा दाखला वेळेत काढून ठेवा.

उणी बाजू कशी सांभाळायची?

आता मूळ मुद्दा. उणी बाजू नसलेला माणूस नाही. ती मागे ठेवणे आणि तिच्यावर खोटे रंगवणे यातली रेघ मात्र स्पष्ट आहे. न विचारलेले सांगायची सक्ती आपल्यावर नाही. विचारलेले खोटे सांगायचा अधिकारही नाही.

गुण कमी असतील तर शिक्षण खाली घ्या आणि काम व प्रकल्प वर. एखादा विषय राहून नंतर सुटला असेल तर तो रेझ्युमेत लिहायची गरज नाही. पदवी मिळाल्याचे वर्ष खरे लिहा. पण अर्जात ‘बॅकलॉग किती होते’ असा रकाना असेल तर आकडा खरा भरा.

मध्ये खंड पडला असेल तर कारण चार शब्दांत सांगा आणि लगेच त्या काळात काय केले ते लिहा. आजारपण, बाळंतपण, घरच्यांची सेवा, परीक्षेची तयारी ही सगळी माणसांची कारणे आहेत, आणि वाचणाराही माणूसच असतो. रिकामी जागा ठेवली की तो स्वतःच्या मनाने ती भरतो, आणि मनाने भरलेले सहसा वाईटच असते. अगदी थोड्या दिवसांची नोकरी गाळली तरी चालते, पण आजूबाजूच्या तारखा ताणू नका.

मराठी माध्यम ही उणीव म्हणून मांडूच नका. इंग्रजीचे वाक्य छोटे आणि शुद्ध लिहा, ज्याला इंग्रजी नीट येते अशा एकाला वाचायला द्या, आणि इंटरनेटवरून उतरवलेले ‘आव्हानात्मक वातावरणात काम करून संस्थेच्या व स्वतःच्या प्रगतीस हातभार’ हे वाक्य आधी खोडा. सव्वीस वर्षांत मी ते इतक्यांदा वाचले आहे की झोपेतही म्हणेन.

जात, धर्म, वैवाहिक स्थिती, वडिलांचे उत्पन्न, आधार क्रमांक हे मागितल्याशिवाय देऊ नका. आधार क्रमांक तर अनोळखी ईमेलवर कधीच नको.

एकच रेझ्युमे पन्नास ठिकाणी पाठवू नका. जाहिरात शेजारी ठेवा आणि त्यात जे काम मागितले आहे ते तुम्हाला येत असेल तर त्यांच्याच शब्दांत लिहा. मोठ्या कंपन्यांत पहिली चाळणी संगणक करतो आणि तो असे शब्दच शोधतो. चौकटी, चित्रे, रंगीत पट्ट्या त्याला नीट वाचता येत नाहीत. साधे पान, एकच अक्षरवळण, पीडीएफ, आणि फाइलला स्वतःचे नाव. ‘न्यू फायनल टू’ हे कोणाचे नाव नसते.

शेवटी एक परीक्षा सांगतो, ती मी भाच्याच्या प्रकरणानंतर शिकलो. रेझ्युमेतल्या प्रत्येक ओळीवर बोट ठेवून मनाशी विचारा, यावर कोणी पाच मिनिटे प्रश्न विचारले तर मी मान खाली न घालता बोलू शकेन का? नसेल तर ती ओळ काढा. आणि एखादी गोष्ट सांगायला संकोच वाटत असेल तर घरातल्या मोठ्या माणसासमोर मोठ्याने सांगून बघा. ती खरोखर उणीव आहे की तिला अजून नीट नाव मिळालेले नाही, हे तेव्हाच कळते. मोठ्यांनीही माझ्यासारखी घाई करू नये. आधी प्रश्न विचारावेत, मग सल्ला द्यावा.

यंदा भाच्याच्या लग्नाचा विषय निघाला आहे. परवा बहिणीने बायोडेटा लिहायला घेतला. गणपती, रास, देवक, मामाचे गाव बेळगाव, सगळे झाले. नोकरीच्या ओळीपाशी ती थांबली आणि हळूच म्हणाली, ‘मधल्या त्या अकरा महिन्यांचं काय करायचं रे? दुकानात होता म्हणायचं?’

मी काही बोलायच्या आतच आतल्या खोलीतून आवाज आला, ‘आई, ते आधी लिही.’